डोंगर हलत नाही, असं तुम्ही म्हणालात

बाबा,

गेल्या रविवारी संध्याकाळी सव्वाआठ वाजता तुम्ही आमच्या हॉलमध्ये जर्मन बोललात. म्हणजे बोलला एक नट, पांढरा कोट घातलेला, पिंगट दाढीचा. पण वाक्य तुमचं होतं आणि ते त्याच्या तोंडी मी घातलं होतं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. इतक्या काळात तुमच्याशी बोलावं असं मला एकदाही वाटलं नाही, आणि आत्ताही मी प्रेमाने लिहीत नाहीये. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही चष्मा पुसत म्हणाल की शेवटी मुलीला आठवण येतेच.

मी आता कार्ल्सरूहेत असते. आधी बॉबलिंगेनला मोटारींच्या कारखान्यात गाडीवरून वारा कसा वाहतो याची गणितं करायचे, ते तुम्हाला माहीत होतं. पुण्यातल्या सोसायटीत तुम्ही ते ज्याला त्याला ऐकवायचात. ती नोकरी मी तुमच्या माघारी सोडली. आता तीच गणितं वापरून टीव्हीसाठी आणि सिनेमासाठी धूर, पूर आणि राख बनवते. तुम्ही असतात तर "म्हणजे नाटकवाल्यांचं काम" असं म्हणाला असतात. गेल्या वर्षी आमच्याकडे एका तीन भागांच्या मालिकेचं काम आलं. मार्टिनिक नावाचं बेट, तिथल्या ज्वालामुखीच्या पायथ्याचं सां-पिएर हे शहर, सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट. तुम्हाला ती ठाऊक असणार, तुमच्या कपाटात तसली पुस्तकं होती. कित्येक दिवस डोंगर धुमसतोय, रस्त्यावर राख पडतेय, घोडे गुदमरतायत, लोक निघू की राहू म्हणतायत. मग एक समिती बसते आणि अहवाल देते की शहराला धोका नाही. अहवाल छापून येतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तापलेल्या राखेचा लोट डोंगरावरून खाली येतो. काही मिनिटांत जवळजवळ सगळं शहर संपतं. तो लोट करणं हे माझं काम होतं. तो वर आकाशात जात नाही, उतारावरून पाण्यासारखा खाली धावतो, एवढंच लोकांना पटवायचं होतं.

पटकथेची बैठक बॉनला होती. दिग्दर्शिका साठीची, आखूड केसांची, कमी बोलणारी बाई. समितीचा प्रसंग जमत नव्हता. लेखकाने समितीतल्या मुख्य माणसाला अर्ध्या पानाचं भाषण दिलं होतं. दऱ्यांची रचना, वाऱ्याची दिशा, मागची निरीक्षणं, सगळं बरोबर होतं. ती ते वाचून म्हणाली, "आल्झो, हे बघा, इथे कागद बोलतोय. मला माणूस हवाय. आणि मला तो खलनायक नकोय. खलनायक दाखवला की बघणारे सुटतात, आपण असे नाही म्हणतात. शिकलेला, चांगला, घरी बायकामुलं असलेला माणूस हे कसं बोलतो?" सगळे आपापल्या लॅपटॉपकडे बघत होते. मी तिथे राखेपुरती गेले होते, मला कोणी विचारलंही नव्हतं. तरी मी बोलले. म्हटलं, तो एवढंच म्हणेल: लोकांना भीती वाटते म्हणून डोंगर हलत नाही.

तिने पेन उचललं. "पुन्हा म्हण." मी पुन्हा म्हटलं. "गेनाऊ, अगदी हेच," ती म्हणाली आणि लिहून घेतलं. "हे कुठे वाचलंस?"

"वाचलं नाही. आमच्या ओळखीत एक माणूस होता, तो असं म्हणाला होता."

ओळखीत, असं म्हटलं. तुम्हाला बाबा म्हणण्याची माझी इच्छा नव्हती.

तुमच्या ते लक्षात असेल की नाही, कोण जाणे. मी सातवीत होते. आपण घाटाखालच्या त्या तालुक्याच्या गावात, कौलारू क्वार्टरमध्ये. तुम्ही सरकारी भूवैज्ञानिक, विहिरीपासून दरडीपर्यंत सगळ्यांवर तुमचा शेरा. आठ दिवस पाऊस उघडलेला नाही. सकाळी अंगणात एक माणूस उभा आहे, डोक्यावरून खताच्या पोत्याची खोळ, हातात दोरी. माझ्या बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचे ते वडील. त्यांच्या वाडीच्या वर डोंगराला भेग पडली होती. त्यांनी भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या मारून दोरी ताणली होती आणि रोज किती वाढली त्याच्या गाठी मारल्या होत्या. शाळा न शिकलेल्या माणसाने हे स्वतःच्या डोक्याने केलं होतं. ते दोरी पुढे धरून म्हणत होते, "सायेब, सोमवारी हितं होती. आज हितं आली. पोरांना घिऊन शाळंत येऊ का ऱ्हायला? तुमी म्हनाल तसं." तुम्ही म्हणाल तसं. मी स्वयंपाकघराच्या दारातून हे ऐकत होते आणि मला तुमचा अभिमान वाटत होता.

तुम्ही गेलात. छत्री, हातोडी, खिशात भिंग. दुपारी चिखलाने भरलेले बूट घेऊन परत आलात. कलेक्टर कचेरीतून फोन आला, तुम्ही हॉलमधून उत्तर दिलंत, की भेग जुनी आहे, वरवरची आहे, हलवायची आवश्यकता नाही. मग जेवायला बसलात. आईने वाढता वाढता विचारलं, "अहो, पण त्यांना चार दिवस शाळेत आणून ठेवलं तर काय बिघडतं?" त्यावर तुम्ही ते वाक्य बोललात. भातातली मिरची बोटाने ताटाच्या कडेला सारत, आवाज न चढवता. "लोकांना भीती वाटते म्हणून डोंगर हलत नाही. आमटी वाढ."

कारण मला पुढे समजलं. आदल्या वर्षी तुमच्या शब्दावर दुसरी एक वाडी रिकामी केली होती आणि तिथे काहीच झालं नव्हतं. लोक हसले, वरिष्ठांनी खुलासा मागितला, जिल्ह्याच्या पेपरात चौकट आली. तुम्हाला हसलेलं सोसत नसे. घरात आम्ही दोघी कशावरून हसलो तरी तुम्ही आधी स्वतःच्या शर्टाकडे बघायचात. एवढ्या एका गोष्टीसाठी. मी पुष्कळ वर्षं याहून मोठं कारण शोधलं, म्हणजे राग तरी मोठा ठेवता आला असता. सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत तिने मला विचारलं, "तुझं बाबा काय म्हनलं?" मी तिला तुमचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. जरा ऐटीतच. ती हसली. घरी जाऊन आईला सांगते म्हणाली.

रविवारी दिवेलागणीला डोंगर आला. तिचे वडील गुरं खालच्या शेताकडे बांधायला गेले होते म्हणून राहिले. ती आणि तिची आई घरात होत्या. वाडीतली आणखी किती माणसं गेली ते तुम्हाला तुमच्या कागदांवरून माहीत आहे, मी आकडा कधी विचारला नाही. शाळा उघडली तेव्हा बाईंनी मला दुसऱ्या बाकावर बसवलं.

साधारण पंधरा दिवसांनी तिचे वडील आले. तुम्ही आरामखुर्चीत पेपर वाचत होतात. फाटक वाजलं, तुम्ही खिडकीतून बघितलंत आणि पेपर खाली न ठेवता मला म्हणालात, "जा, सांग बाबा घरात नाहीत." आई म्हणाली, "अहो, तिला कशाला, मी जाते." तुम्ही म्हणालात, "तीच जाऊ दे. लहान पोरीशी तो वाद घालणार नाही." बाबा, हे तुम्ही आधीच हिशेब करून म्हणालात. मी दारात गेले. त्यांच्या अंगावर दुसऱ्या कुणाचा तरी शर्ट होता, खांद्यात मोठा. मी म्हटलं, बाबा घरात नाहीत. त्यांनी माझ्या मागे बघितलं. हॉलमधून पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला, तो त्यांनीही ऐकला.

"बरं," ते म्हणाले. मग म्हणाले, "बाय, तू शाळंत जातीस ना?"

"हो."

"जात ऱ्हा."

एवढंच. काही मागायला आले होते की भांडायला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तुम्हीही कळू दिलं नाहीत, कारण तुम्ही विचारलंच नाहीत. मी आत आले तर तुम्ही म्हणालात, "शाबास." त्याच आठवड्यात तुमचं खिशातलं भिंग मला दिलंत, पितळी कडीचं, जे हातात घ्यायला मी लहानपणापासून मागत होते. मी ते मागच्या विहिरीत टाकलं आणि शाळेत हरवलं म्हणून सांगितलं. तुम्ही मला अंगणात उभं करून अर्धा तास बोललात. निष्काळजीपणा हा एकच गुन्हा मी माफ करत नाही, असं म्हणालात. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ह्यांना ऐकू येतंय का आपण काय बोलतोय?

चौकशीत अतिवृष्टी असं निघालं. तुमची पुण्याला बदली झाली, मग बढती. निवृत्तीच्या समारंभाला तुम्ही अचूकतेवर भाषण केलंत. तुम्ही गेलात तेव्हा मी आले नाही. आईला फोनवर सांगितलं की इथलं आउफएंटहाल्ट्सटीटेल, राहण्याचं कार्ड, परदेशी लोकांच्या कचेरीत, आउसलेंडरबेहोर्डेमध्ये अडकलंय, देश सोडता येत नाही. कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. सहज जमलं. दारात उभं राहून कसं बोलायचं ते मला लहानपणीच शिकवलेलं होतं.

तर ती मालिका. नटाने शूटिंगच्या आधी मला व्हिडिओ कॉल केला. फार सभ्य माणूस. त्याला विचारायचं होतं की माझ्या ओळखीतला तो माणूस हे बोलताना हाताने काय करत होता. मी मिरचीचं सांगितलं. आवाज चढवायचा नाही, समोरच्याकडे बघायचं नाही, आणि लगेच पुढचं काहीतरी मागायचं, असंही सांगितलं. तो लिहून घेत होता. सेटवर मी एकच दिवस गेले. बाहेर कडक ऊन होतं आणि आत छताला लावलेल्या पंख्यांतून कागदाचा राखाडी भुगा पडत होता. टेबलावर सहा माणसं जेवतायत, खिडकीच्या काचेवर राख. त्याने माशाचा काटा दोन बोटांनी ताटाच्या कडेला ठेवला आणि शांतपणे म्हणाला की लोकांना भीती वाटते म्हणून डोंगर हलत नाही, जरा वाइन इकडे द्या. माझ्या अंगावर काटा आला. दुःखाने नाही. तुम्ही सापडलात म्हणून.

दिग्दर्शिका जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसली. त्या खऱ्या समितीत सां-पिएरच्या शाळेतला एक विज्ञानशिक्षकही होता, हे तिनेच मला सांगितलं. धोका नाही म्हणणाऱ्यांत तो होता आणि शहरातच राहिला. त्या सकाळी भाजून गेला. मी म्हटलं, म्हणजे त्याचा स्वतःच्या म्हणण्यावर विश्वास होता. "हो," ती म्हणाली, "निदान एवढं तरी." मला तेव्हा तुमची क्वार्टर आठवली, वाडीपासून चार किलोमीटरवर, सपाट जमिनीवर, पक्क्या जोत्यावर. त्या शिक्षकाला मी माफ करू शकते. तो स्वतःच्या अहवालाखाली झोपला.

हे इथवर ठीक होतं. मग मी आईला मालिकेचं सांगितलं. तिला बरं वाटेल म्हणून नाही, खरं सांगायचं तर उलट. तिने इतकी वर्षं तुमची बाजू घेतली, तिलाही कळावं म्हणून. व्हिडिओ कॉलवर तिने ऐकून घेतलं, बराच वेळ पदर सारखा करत राहिली आणि म्हणाली, "त्यांनी नंतर एक कागद लिहिला होता गं."

"कसला कागद?"

"शनिवारी परत गेले होते ते डोंगरावर. तुला ठाऊक नाही, तू मावशीकडे होतीस. आले ते जेवले नाहीत. रात्रभर कूस बदलत होते. रविवारी सकाळी बसून लिहिलं की वाडी ताबडतोब हलवा. मला वाचून दाखवलं."

"मग?"

"मग रविवार होता. कचेरी बंद. म्हणाले, उद्या सकाळी पहिल्यांदा स्वतः नेऊन देतो."

"आई, घरात फोन होता."

"साहेबांना रविवारी घरी फोन करायचा नसे तेव्हा. आणि आधी नाही म्हणून कळवलेलं, आता हो म्हणायचं तर लेखीच द्यायला हवं, असं त्यांचं म्हणणं." ती रडत नव्हती. "मी म्हटलं होतं, निदान वाडीत कुणाला तरी पाठवा. म्हणाले, उद्या."

"तो कागद कुठाय?"

"जाळला त्यांनी. न्हाणीघरातल्या बंबात. त्यानंतर कधी पोटभर जेवलेले मला आठवत नाहीत, पण ते तुला दिसलं नसेल, तू त्यांच्याकडे बघायची बंदच केली होतीस."

मी कॉल संपवला आणि लॉन्ड्रीच्या खोलीत जाऊन वॉशिंग मशीनपुढे उभी राहिले. इतकी वर्षं मी समजत होते की तुम्हाला कळलं नाही. गर्विष्ठ माणूस, चुकला, इतकंच. आता कळलं की तुम्हाला कळलं होतं. डोंगर हलतो हे रविवारी सकाळी तुमच्या अक्षरात कागदावर होतं आणि संध्याकाळपर्यंत ते टेबलावर पडून राहिलं, कारण सोमवार यायचा होता. यासाठी तुमची कीव करावी असं आईला वाटतं. मला नाही वाटत. चुकलेल्या माणसाचा राग मी केला होता, आता वाट बघणाऱ्याचा करते. पण रात्रभर कूस बदलणारा तो माणूस कोण, हे मला अजून उमगत नाही, आणि माझ्या रागात तो मधे मधे येतो.

त्यानंतर नऊ दिवसांनी दिग्दर्शिकेचा फोन आला. संकलन चालू होतं. नटाने त्या प्रसंगाचे दोन टेक दिले होते. एकात वाक्य बोलून तो वाइन मागतो. दुसऱ्यात वाक्य तेच, पण नंतर खिडकीकडे बघतो आणि सही केलेला कागद पुढे सरकवायच्या आधी हातात धरून ठेवतो. बराच वेळ. ती म्हणाली, "दुसरा मला जास्त आवडतो. पण माणूस तुझा आहे, म्हणून विचारते. त्याला कधी शंका आली होती का?"

मी स्वयंपाकघरात उभी होते. मुलगी टेबलाशी गृहपाठ करत होती. मी म्हणाले, "नाही. कधीच नाही."

"नक्की?"

"नक्की. तो असा नव्हता."

तर पहिला टेक ठेवला. रविवारी आम्ही दोघींनी तो बघितला. तुमच्या नातीला मराठी सगळं समजतं, उत्तर ती जर्मनमध्येच देते. तो काटा, ते वाक्य, ती वाइन झाली तेव्हा तिने पाय सोफ्यावर घेतले आणि म्हणाली, किती भयंकर माणूस आहे हा. मी तिला सांगितलं की हे तुझ्या आजोबांचं वाक्य आहे. तिने टीव्हीचा आवाज कमी केला. मी सगळं सांगितलं, वाडी, दोरी, फाटक, पेपरचं पान. ती पंधरा वर्षांची आहे, मधे मधे मोबाइलकडे बघायची तिला सवय आहे, पण तेवढा वेळ बघितलं नाही. शेवटी तिने विचारलं, "उंड डान? मग आजोबांना नंतर काही वाटलं नाही?" पडद्यावर माझा लोट डोंगर उतरत होता. तो चांगला झाला होता, सगळे तसं म्हणतात. मी त्याच्याकडे बघत म्हटलं, नाही.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, आईलाही दाखवणार नाही. मी तिला आज संध्याकाळी फोन करेन तेव्हा मालिका छान झाली एवढंच सांगेन. पण तुम्हाला एक सांगायचं राहिलं. दिग्दर्शिकेने विचारलं तेव्हा मला तुमचा तो रविवारचा कागद माहीत होता. सांगायला नऊ दिवस होते, फोन हातात होता. मी तो कागद तुमच्याकडून काढून घेतला आणि तुम्हाला होतात त्याहून वाईट करून लाखो लोकांसमोर बसवलं. कधीच नाही, असं म्हणताना मला बरं वाटलं, बाबा. अजूनही वाटतं. पहिल्या दिवशी वाटलं तितकं नाही.